एकट्या माणसासाठी ट्रेडमिल

आधी पत्र, थोडं कमी करून:

“मी फुलेवाडीत राहते. वय ४७, वजन ७४ किलो, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात रक्ताच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी एवढ्यात नको, पण रोज चालायला लागा. गेल्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यांना एकटं ठेवून दार ओढून अर्धा तास बाहेर पडणं मला जमत नाही. मिस्टर गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये असतात. ऑनलाइन २२ हजारांची ट्रेडमिल बघितली आहे. ४ एचपी पीक मोटर, ताशी १२ किलोमीटर वेग, १०० किलोपर्यंत वजन, पट्टा ४० बाय ११० सेंटिमीटर, साध्या ६ अँपियरच्या प्लगवर चालते असं लिहिलंय. मिस्टरांचं वजन ९६ आहे, ते पण वापरतील. मुलगा १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय, पावसाळ्यात त्याचं पळणं बुडतं, तोही पळेल. मिस्टर म्हणतात, दोन महिन्यांत त्यावर टॉवेल वाळत घालशील. घ्यावी का?”

ताई,

दार ओढून अर्धा तास बाहेर पडता येत नाही, ही तुमची ओळ मी परत परत वाचली. ट्रेडमिलबद्दल मला पत्रं येतात त्यात बहुतेकांचं कारण पाऊस, नाहीतर पहाटे उठवत नाही, हे असतं. पाऊस ऑक्टोबरात थांबतो आणि मशीन कोपऱ्यात जातं. तुमची अडचण अशी थांबणारी नाही. रंकाळ्याला फेरी मारा, विद्यापीठात चालायला जा, हा सल्ला कोल्हापुरात कुणीही कुणालाही देतो, आणि तो चांगलाच आहे. पण आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईला तो देणं म्हणजे तिची अडचण ऐकलीच नाही असं होतं. तुम्हाला घरात चालायची सोय हवी. तेवढ्यापुरतं माझं उत्तर ‘घ्या’ असं आहे.

अडतंय ते पुढच्या भागात. तुम्ही एक मशीन तीन माणसांसाठी बघताय. वीस-पंचवीस हजारांत तीन माणसांची ट्रेडमिल येत नाही. एका माणसाची येते.

मोटरीपासून सुरू करतो, कारण पंचवीस वर्षं मी उद्यमनगरात मोटरींच्या संगतीतच काढली आणि जाहिरातीतला सगळ्यात फसवा आकडा तिथंच असतो. ४ एचपी ‘पीक’ म्हणजे मोटर क्षणभरासाठी जास्तीत जास्त जेवढा जोर काढू शकते तो. तुम्ही त्यावर अर्धा तास चालणार, क्षणभर नाही. सलग चालताना न तापता ती किती जोर देते त्याला ‘कंटिन्युअस’ म्हणतात, आणि विचारायचा आकडा तो. आता तुमच्याच जाहिरातीतला प्लग बघा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. चार एचपीचे झाले जवळजवळ तीन हजार वॅट. ६ अँपियरचा प्लग २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट देऊ शकतो. म्हणजे त्या प्लगमधून चार एचपी सलग निघणं शक्यच नाही. वाटेतलं नुकसान धरलं तर हातात येणार दीड एचपीच्या आसपास, फार तर पावणेदोन. जाहिरात खोटी आहे असं मी म्हणत नाही, ‘पीक’ हा शब्द त्यांनी छापलाय. पण तुम्ही चारची वस्तू म्हणून दीडची वस्तू घेताय, हे माहीत असू दे.

आणि दीड एचपी तुम्हाला पुरेल का? पुरेल. ७४ किलोचं माणूस ताशी साडेचार-पाच किलोमीटरनं चालणार असेल तर चांगल्या प्रतीची दीड एचपी कंटिन्युअस मोटर निवांत चालते. म्हणून तर म्हटलं, एका माणसाची येते.

मिस्टरांचं गणित वेगळं आहे. १०० किलोची मर्यादा आणि माणूस ९६ चा. लोकांना वाटतं, जड माणूस हळू चालला तर मशीनला त्रास कमी. मोटरीच्या बाजूनं बघितलं तर उलटं होतं. पट्टा खालच्या फळीवर घासत असतो आणि वरचं वजन जेवढं जास्त तेवढं घर्षण जास्त. ते ओढायला मोटर जास्त करंट घेते. वेग कमी असल्यामुळे मोटरीच्या दांड्यावरचा पंखाही हळू फिरतो, म्हणजे उष्णता जास्त आणि वारा कमी. जड माणसाच्या संथ चालण्यात स्वस्त मशीन लवकर मरतं ते असं. लिहिलेल्या मर्यादेच्या खाली निदान पंधरा-वीस किलो जागा सोडावी, असा माझा हिशोब असतो. मिस्टरांसाठी घ्यायची तर १२० किलोच्या वरचं मशीन बघावं लागेल, आणि ते चांगलं हवं तर तुमच्या २२ हजारांत बसणार नाही. पण त्यांना मशीनची गरज आहे का? शिफ्ट संपल्यावर किंवा सुरू व्हायच्या आधी ते बाहेर चालू शकतात. घराबाहेर पाऊल टाकायला त्यांना कुणाला विचारावं लागत नाही, ते तुम्हाला लागतं.

आता मुलगा. त्याला ह्या मशीनवर अजिबात पळू देऊ नका, आणि हे त्याच्याच भल्यासाठी सांगतोय. भरतीला १६०० मीटर आहे. साडेपाच मिनिटांत काढायचं म्हटलं तरी ताशी साडेसतरा किलोमीटरचा वेग लागतो. तुम्ही बघितलेलं मशीन बारावर संपतं. म्हणजे ज्या वेगाची त्याला तयारी करायची तो वेग मशीनकडे नाहीच. पट्ट्याची लांबीही बघा. ताशी दहानं पळताना माणूस एका पावलात साधारण एक मीटर पुढं जातो. ११० सेंटिमीटरच्या पट्ट्यावर त्याचं पाऊल पुढं मोटरीच्या झाकणाला लागेल, नाहीतर मागं पट्ट्याच्या टोकावर पडेल. पळायला १३० ते १४० सेंटिमीटरचा आणि रुंदीला ४५ च्या वरचा पट्टा लागतो. चालताना पाऊल पाऊण मीटरचं असतं, म्हणून तुम्हाला ४० बाय ११० चालेल. तो धावपटू मुलगा आहे, त्याला मैदान हवं. मातीवर वळताना, वाऱ्याविरुद्ध, शेजारच्याला मागं टाकताना जे पाय शिकतात ते घरातल्या पट्ट्यावर शिकत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये मैदान चिखलात असतं हे खरं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सगळ्या गावाचंच पळणं बंद होतं. त्या दिवसांत त्यानं जिने चढावेत, बैठका माराव्यात, दोरी मारावी. आपल्या गावात तालमी कशासाठी आहेत? भरतीतल्या गोळाफेकीसाठी खांदा आणि कंबर लागतेच, पावसाचे दोन महिने त्याला तिथं लावता येतील.

तर आता मशीन तुमचं एकटीचं झालं. ह्या एका निर्णयानं खर्च खाली येतो आणि मशीनचं आयुष्यही वाढतं.

पण ज्यामुळे घरं फसतात ते मोटरीपेक्षा सर्व्हिस आणि कार्ड. हे माझ्या घरातलंच आहे. बायकोसाठी मी एक स्वस्तातली ट्रेडमिल घेतली होती. मोटरीवर तीन वर्षांची वॉरंटी ठळक छापलेली, बाकी सगळ्यावर एक वर्ष, बारीक अक्षरांत. चौदाव्या महिन्यात मशीन बंद पडलं. मी स्वतः मोटर उघडून बघितली, ती ठणठणीत होती. गेलं होतं कार्ड, म्हणजे मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणारा सर्किट बोर्ड. कंपनी म्हणाली, कार्ड वॉरंटीत नाही, आणि माणूस पुण्याहून येईल, त्याचं येणं-जाणं वेगळं. तीन आठवडे फोन करून कुणी आलं नाही. बायकोची लागलेली सवय त्या तीन आठवड्यांत मोडली, ती परत बसायला वर्ष लागलं. पैशापेक्षा मला त्याचं दुःख जास्त आहे.

त्या कार्डाच्या मरणात माझीही चूक होती. पट्ट्याखाली मी तेल घातलं नव्हतं. पट्टा आणि फळी यांच्यामध्ये सिलिकॉन ऑइलचा पातळ थर लागतो. तो सुकला की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, आणि तो सगळा करंट कार्डातून जातो. मोटर सोसते, कार्ड सोसत नाही. मोटरींत आयुष्य गेलेल्या माणसानं हे विसरायला नको होतं. तुम्ही दर महिन्याला पट्टा कडेनं उचलून आत बोट फिरवून बघा. बोटाला बुळबुळीत लागलं तर ठीक, कोरडं लागलं तर तेल घाला. फक्त सिलिकॉनचं. खोबरेल, मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४० असलं काही नको, त्यानं पट्टा खराब होतो. पट्टा एका बाजूला सरकायला लागला तर मागच्या रोलरचा बोल्ट एल-कीनं पाव फेरा फिरवायचा, दोन मिनिटं चालवून बघायचं, मग पुन्हा पाव. एकदम पूर्ण फेरा कुणी फिरवू नये.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल: कंटिन्युअस एचपी किती? कार्ड, पट्टा आणि डिस्प्ले यांची वॉरंटी किती महिन्यांची? कोल्हापुरात किंवा निदान सांगली-इचलकरंजीत तुमचा माणूस आहे का, त्याचा नंबर द्या. मग त्या नंबरवर खरेदीआधी एकदा फोन लावा आणि नुसतं विचारा, ह्या मॉडेलचं कार्ड मिळतं का, किती रुपये. तो माणूस कसं बोलतो त्यावरून तुम्हाला बरंच कळेल. उत्तर लेखी मिळत नसेल तर ते मशीन सोडून द्या. वेबसाइटवर कितीही सूट असू दे.

जमलं तर शहरातल्या दुकानातून घ्या, दोन हजार जास्त गेले तरी. तिथं तुम्हाला चढून बघता येतं आणि तेच महत्त्वाचं आहे. जाताना पंजाबी ड्रेस आणि चालायचे बूट घालून जा. दोन्ही पाय कडेच्या, न फिरणाऱ्या पट्ट्यांवर ठेवून मशीन सुरू करा, पट्टा फिरायला लागला की मग पाय टाका. वेग दोनवर ठेवून टाच जरा जोरात टाकत चाला. पाऊल पडताना पट्टा क्षणभर अडकल्यासारखा वाटला तर मोटर कमी पडतेय, किंवा पट्टा सैल आहे. दुकानदाराला पट्टा आवळायला सांगा, तरी अडकला तर उतरा. मग पाचवर दहा मिनिटं चाला. कुणी घाई केली तरी दहा मिनिटं पुरी करा. पुढच्या झाकणावर हात ठेवा, वास घ्या. कोमट लागणं ठीक. चटका लागला किंवा जळकट वास आला तर ते मशीन घरी आणू नका. पुढचे खांब हलतात का बघा. मशीनचं स्वतःचं वजनही विचारा. फार हलकं असेल तर सांगाडा पातळ पत्र्याचा असतो आणि तो चालताना सांगतो.

बिनमोटरची, पायानं ढकलायची ट्रेडमिल आठ-दहा हजारांत दिसेल. ती नको. पट्टा फिरवायला पुढचा दांडा धरून ढकलावं लागतं आणि गुडघे-कंबर धरतात. बिनदांड्याचं सपाट वॉकिंग पॅड स्वस्त असतं आणि दिवाणाखाली सरकतं, पण तुम्ही पहिल्यांदाच चालणार, मध्येच सासूबाईंनी हाक मारली की मान वळणार. तुम्हाला धरायला दांडा असलेलंच हवं. हप्त्यावर घेऊ नका. हातात २२ असतील तेवढ्यातच बसवा.

वापरलेलं मशीन हा चांगला मार्ग आहे. शहरात अनेक घरांत बऱ्या कंपनीच्या ट्रेडमिल झाकून पडल्यात आणि अर्ध्या किमतीला जातात. वर सांगितलेली दहा मिनिटांची चाचणी तिथंही करा, पट्ट्याखाली बोट फिरवा, कडा उसवल्यात का बघा. फक्त तुमचा दुसरा मजला असेल तर चार माणसांची हमाली आधीच ठरवा.

विजेचं थोडक्यात. अर्थिंग असलेल्या वेगळ्या प्लगवर, शक्यतो गीझरच्या जाडीच्या वायरवर मशीन लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, घरच्या इन्व्हर्टरवर नको. बिलाची काळजी सोडा. चालताना सहाशे वॅट धरले तरी रोजच्या अर्ध्या तासाचे महिन्याला नऊ युनिट होतात.

आता तुमच्या साखरेकडे येतो, कारण ही सगळी खटपट तिच्यासाठी आहे. ६.१ हा आकडा घाबरायचा नाही, पण झोपायचाही नाही. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी, इथून माणूस अजून मागं फिरू शकतो. अमेरिकेत ह्याच अवस्थेतल्या तीन हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, खाण्यावर लक्ष आणि वजनात सुमारे सात टक्के घट, एवढं ध्येय ज्या गटाला दिलं होतं त्याच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. तुमच्या ७४ किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलो. आठवड्याची १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पण नुसत्या ट्रेडमिलनं हे झालं नव्हतं, ताटही बदललं होतं, हे विसरू नका.

आणि इथं घरातल्या मशीनचा एक फायदा आहे जो रंकाळ्यालाही नाही. जेवणानंतर रक्तातली साखर चढते, त्या वेळी दहा-पंधरा मिनिटं चाललं तर पायांचे स्नायू ती वापरतात आणि चढ कमी होतो. रात्री साडेनऊला भांडी आवरून कोण रंकाळ्याला जाणार? तुम्ही मात्र स्वयंपाकघरातून चार पावलांवर मशीनवर चढू शकता. अर्धा तास सलग मिळाला नाही तर पंधरा सकाळी, पंधरा रात्री जेवल्यावर. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग ठेवा. दांडा धरून लोंबकळत चालू नका, धरायचा तो चढता-उतरताना. छातीत दुखणं, धाप, चक्कर यांतलं काही जाणवलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात हृदयविकार असेल तर सुरू करायच्या आधीच त्यांना विचारा.

मिस्टरांच्या टॉवेलाचं उत्तर मी देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. मशीन आणायच्या आधी पंधरा दिवस, जी वेळ तुम्ही मशीनसाठी ठरवाल त्याच वेळेला, घरातल्या घरात चाला. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, गॅलरी, हातातल्या फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावून. कॅलेंडरवर खूण करा. पंधरापैकी दहा दिवस झाले तर मशीन घ्या. चारच झाले तर अडचण जागेची नसून वेळेची आहे, आणि मग बावीस हजार रुपये तिथं उपयोगी पडणार नाहीत. सासूबाईंजवळ संध्याकाळी तासभर बसायला कुणाला पगारावर ठेवलं, किंवा मुलानं आठवड्यातले तीन दिवस तो तास घेतला, तर तुम्ही बाहेर चालू शकाल. एकोणीस वर्षांच्या मुलाला आजीजवळ तासभर बसवणं चुकीचं नाही. हे तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय.

मशीन आलं तर जागा नीट निवडा. मागं भिंत नको, निदान सहा फूट मोकळी जमीन ठेवा, कारण पाय घसरला तर पट्टा माणसाला मागं फेकतो. तोंड सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे करा, म्हणजे चालता चालता त्या दिसतील आणि त्यांनाही तुम्ही दिसाल. लाल सेफ्टी की, म्हणजे ओढली गेली की मशीन बंद करणारी दोरीची चावी, कपड्याला अडकवल्याशिवाय चढू नका, आणि उतरलात की ती काढून कपाटात ठेवा. सासूबाई काठी टेकत त्या बाजूनं जाणार असतील तर वायर भिंतीलगत चिकटवून घ्या, मशीनच्या पायांत कुठंही गालिचा ठेवू नका. त्यांना स्वतःला मात्र कुणीही, कितीही हळू वेगावर, त्यावर चढवू नये. त्यांचं चालणं त्यांच्या फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणेच.

ऑनलाइनच घेतलंत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, परत द्यायची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका, आणि पहिल्या आठवड्यात रोज वापरा म्हणजे दोष असेल तर मुदतीत कळेल. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं तक्रार नोंदवताना बिल आणि ते व्हॉट्सॲपवरचं लेखी उत्तर हाताशी असू दे.

पंधरा दिवसांच्या खुणा किती झाल्या ते मला नक्की कळवा.